तीन नंबरमधला बर्फ

१

वसईत बर्फ पडतो असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. कामणला भिवंडी रोडवर गोदामांची रांग आहे. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीन नंबरचं चेंबर आहे आणि त्यात रोज बर्फ पडतो. छताला पांढरा थर धरतो. पंखे सुरू झाले की त्याचा भुगा सुटतो आणि मटारच्या खोक्यांवर, लोखंडी मांडण्यांवर, आमच्या डोक्यांवर पडत राहतो. जमिनीवर तो दबून दगड होतो. तो दगड फोडायचा, खरवडायचा, घमेल्यात भरायचा आणि बाहेर नेऊन गटारात ओतायचा, हे माझं काम. दीड वर्ष झालं.

खरं सांगायचं तर हा बर्फ पडायलाच नको. दारातला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा फाटलाय, दाराचं रबर गेलंय. खाडीकडची ओली हवा आत शिरते आणि गोठते. पडदा आणि रबर बदललं तर निम्मा बर्फ बंद होईल. हे मला कळतं, आठवी पास बाईला. मालकाला कळत नाही? चांगलं कळतं. पण बाया लावून भागतंय तर पडदा कशाला बदला?

बाहेर एप्रिलचं ऊन, अंगाला चटके बसतात. आत उणे बावीस. दाराबाहेर पाटी आहे, वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. ती पाटी तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी आहे. आम्ही चाळीस मिनिटं आत असतो, कधी त्याहून जास्त. घाम येतो तो जॅकेटच्या आतच गार होतो. पापण्या चिकटतात. तीन कपडे उतरवायला नकोत म्हणून पाणी प्यायचं नाही, म्हणजे लघवीला जायला लागत नाही. हातमोजे एकदा ओले झाले की ते असून नसल्यासारखे.

संध्याकाळी जूचंद्रला खोलीवर आले की अश्लेषाची, माझ्या मुलीची, वेणी घालते. केस बोटांत आहेत की सुटले हे मला बघून ठरवावं लागतं. तव्यावर बोट टेकलं तर आधी वास येतो, मग कळतं. तिच्या वर्गातल्या मुली मॉलमध्ये तिकीट काढून बर्फात खेळून आल्या. मी पॅकिंगचं काम करते एवढंच तिला ठाऊक, म्हणून तिने विचारलं, "आई, तू कधी बर्फ बघितलायस का गं?" काय सांगणार तिला, कपाळ!

२

चेंबरमध्ये आम्ही दोघीच. मी हेमांगी, आणि दुसरी कृष्णाबाई. कृष्णाबाई मूळची जूचंद्रचीच, खाडीकाठच्या शेतकरी घरातली. तिच्या घरच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत आणि ती इथे बर्फ खरवडते. वय साठीला टेकलेलं, अंगाने भरलेली, आवाज खणखणीत. मी तिला मावशी म्हणते. ती मला कधी पोरी म्हणते, कधी नुसतंच "गो".

आत पंख्यांचा एवढा गोंगाट असतो की शेजारी उभी असलेली बाई ओरडली तरी ऐकू येत नाही. त्यात छताला भिडलेल्या मांडण्या, पाच रांगा. ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या, एकमेकींना दिसतही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला शिकवलं. फावड्याचा दांडा मांडणीच्या खांबावर दोनदा आपटायचा. दोन म्हणजे आहे. दुसरीने लगेच दोनदा आपटायचं, मीपण आहे. तीन म्हणजे इकडे ये. लोखंडातून आवाज बरोबर पोचतो.

"खाडीत धुकं पडलं का आमचे बाप होडीची फली ठोकीत," ती म्हणाली होती. "मानूस दिसला नाय तरी हाये त्ये कलतं."

दहा-पंधरा मिनिटांनी मी ठोकायचे, ती उत्तर द्यायची. घड्याळ लागायचं नाही. दार बाहेरून बंद असतं. आतून उघडायचा दट्ट्या गणपतीपासून मोडलाय. आमचा सुपरवायझर सुमेध दर वेळी म्हणतो, "वर कळवलंय." वर म्हणजे कुठे, आभाळात? बाहेर यायचं असेल तर दारावर फावडं आपटायचं, मग बाहेर टेबलाशी बसलेला सुमेध उठून दार सरकवतो. आत आमचं काही झालं तर एकमेकींशिवाय आम्हाला कोणी नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

कृष्णाबाईचा उजवा खांदा गेला होता. गोठलेल्या जमिनीवर फावडं मारून मारून हात वर जायचाच बंद झाला. त्यामुळे तिचा पहिला ठोका जोरात पडायचा आणि दुसरा अगदी मरतुकडा. खांबाला फावडं नुसतं टेकल्यासारखं. त्यावरूनच मी ओळखायचे, की ही माझी मावशी.

३

त्या दिवशी मी ठोकलं आणि उत्तर आलं. दोन ठोके, दोन्ही सारखे. स्वच्छ, ठणठणीत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आदल्या आठवड्यात मी तिला गावाकडचं तेल आणून दिलं होतं. म्हटलं, लागला गुण! म्हातारीचा खांदा सुटला! मी उगाचच पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच उत्तर. मग मी घमेलं भरलं आणि दारावर फावडं आपटलं. सुमेधने दार सरकवलं. बाहेर कृष्णाबाई उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होती.

"तुम्ही कधी आलात बाहेर?" मी विचारलं.

"मगाशीच. सुमेधनी सही कराला बोलवली. मी तीनदा ठोकलं तुना सांगाला. तू ऐकलं नायस."

तिच्या कपातला चहा अर्धा झाला होता आणि उरलेल्यावर साय धरली होती. मी त्या सायीकडे बघत राहिले. घमेल्यातला बर्फ वितळून माझ्या गमबुटावर ठिबकत होता.

"काय गो, तोंडात मारल्यासारखी का उभी?" ती म्हणाली.

"खांदा कसाय तुमचा?"

"खांदा? त्याला काय झालं? मेलाय तो." तिने हात वर करून दाखवला. कोपर छातीच्या वर गेलं नाही.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोणावर चिडायचं झालं तर माणसंच पुरून उरतात. त्यामुळे मी आधी डोकं चालवलं. म्हटलं, आवाज घुमला असेल. नाहीतर पाइप असेल, गारठ्याने लोखंड आकसतं आणि वाजतं. सुमेधला विचारलं तर त्यानेही तेच सांगितलं.

"पाइपचा आवाज आहे ताई. टेन्शन नका घेऊ."

"आमच्या आधी हे काम कोण करायचं, सर?"

"होत्या बायका."

"कुठे गेल्या?"

"सोडून गेल्या. टिकत नाही इथे कोणी." तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता दाराकडे. पाच वर्षं तो या दाराशी बसतोय.

मग मी तपासायचं ठरवलं. कृष्णाबाईला बाहेर बसवलं आणि एकटी आत गेले. एकदा ठोकलं. उत्तर आलं, दोन. तीनदा ठोकलं, पुन्हा दोन. पाचदा ठोकलं. जरा वेळ काहीच नाही. पंखे घरघरत होते, भुगा पडत होता, माझा श्वास माझ्याच तोंडासमोर पांढरा होऊन लटकत होता. आणि मग आले, दोन. आवाज घुमला असता तर पाचाचे पाच घुमले असते ना? पाइपला एवढी अक्कल कुठून आली, की विचाराल ते विचारा, मी एकच सांगणार, आहे?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पाचव्या रांगेच्या मागे, भिंतीकडेला, हातभर रुंद बोळ आहे. तिथे आम्ही कधीच जात नाही, फावडंच फिरत नाही. त्या दिवशी मी वाकून बघितलं तर तिथली जमीन काळीभोर, कोरडी, बर्फाचा कण नाही. भिंतीपाशी खरवडलेला भुगा नीट ढीग करून ठेवलेला. ढिगावर फावड्याच्या पाठीने थापटलेलं, आम्ही थापटतो तसंच. मी बाहेर येऊन कृष्णाबाईला विचारलं.

"तो बोळ तू साफ करतेस ना?" तिने मलाच उलट विचारलं. "मना वाटलं तूच. कवापासून साफ हाये त्यो."

मग ती हसली. "जाऊदे. कोन असंल ती असो. काम तर करते ना! त्या सुमेधपेक्षा बरी."

मीही हसले. पण त्या दिवसापासून मी मान खाली घालून काम करायला लागले, मांडण्यांच्या फटीतून पलीकडे बघायचं टाळायला लागले. आणि रागही यायचा. म्हणजे बघा, जिवंतपणी चाळीस मिनिटं आणि मेल्यावरही हे संपत नाही की काय?

५

त्या मंगळवारी आईस्क्रीमची गाडी यायची होती. जागा हवी, म्हणून सकाळीच सुमेध म्हणाला, "आज जरा मॅनेज करा. एका दमात सगळं साफ पाहिजे."

"मावशीला ताप आहे," मी म्हटलं. "रात्रभर खोकत होती. आज तिला आत नको."

"मग एकट्या कराल का पाचही रांगा? नाही ना? अहो, अर्धा तास. मी इथेच आहे."

माझ्या तोंडावर आलं होतं की तूच ये फावडं घेऊन, दाखव तुझा अर्धा तास. पण कृष्णाबाईनेच माझा दंड धरला. "चल गो. लवकर आटपू." तिचा हात जॅकेटवरूनही गरम लागत होता.

आम्ही शिरलो, दार सरकलं. ती डावीकडे गेली, मी उजवीकडे. मी दर पाच मिनिटांनी ठोकायचं ठरवलं होतं आणि ठोकत होते. पहिल्यांदा तिचं उत्तर आलं, एक जोरात, एक मरतुकडं. दुसऱ्यांदाही तसंच. मग मी बर्फाच्या एका जाड थरापाशी अडकले, दोन्ही हातांनी फावडं मारत होते, कमरेतून कळ जात होती. ठोकलं, उत्तर आलं. ठोकलं, उत्तर आलं. आहे, आहे. चला, बरी आहे म्हातारी. अजून चार वेळा तरी असंच झालं असेल.

मग बोटं उबवायला हात काखेत घालून क्षणभर थांबले तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मघापासून ठोके सारखे येत होते. दोन्ही जोरात, दोन्ही ठणठणीत.

मी फावडं टाकून पळाले. त्या जमिनीवर पळता येत नाही, दोनदा आपटले. ती तिसऱ्या रांगेच्या टोकाला, खांबाला पाठ लावून बसली होती. मांडीवर फावडं. हातमोजे काढून बाजूला ठेवलेले, आणि बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. पापण्या पांढऱ्या. फावड्याच्या दांड्यावर पांढरा थर धरला होता. किती वेळ झाला असेल त्याला कोणी हात लावून, तुम्हीच सांगा.

मी अजून त्या दांड्याकडे बघतेय तोच पलीकडच्या रांगेतून, हाताच्या अंतरावरून, दोन ठोके आले.

"खोटारडे!" मी ओरडले. घशातून आवाज फाटला. "तिच्या नावाने उत्तर देतेस? लाज नाही वाटत?"

६

तिचा श्वास चालू होता. मी तिला कॉलरला धरायला गेले तर माझी बोटं मिटेनात. तेव्हा दोन्ही कोपरं तिच्या काखेत घातली आणि उलटी उलटी दाराकडे निघाले. पंख्यांनी अख्खा भुगा माझ्या तोंडावर सोडला होता. तिच्या कमरेपलीकडे सगळं पांढरं, पाय काही दिसत नव्हते. मनात एवढंच, ही मेली तर मी त्या सुमेधला सोडणार नाही. कृष्णाबाई सत्तर किलोंची तरी असेल, पण मला ती हलकी लागली. भीतीने बळ येतं म्हणतात, तसं असेल, असं तेव्हा वाटलं.

दाराशी पोचले आणि लाथा घातल्या. फावडं मागे टाकून आले होते. मुठींनी ठोकलं, त्यांत जीवच नव्हता, उशीवर मारल्यासारखा आवाज. "सुमेध! दार उघड रे! सुमेध!" कोणी नाही. नंतर कळलं, आईस्क्रीमची गाडी लवकर आली होती आणि तो मागे माल उतरवायच्या धक्क्यावर मोजून घेत होता. मी इथेच आहे म्हणाला होता ना!

कृष्णाबाईचं डोकं माझ्या मांडीवर. तिच्या तोंडातून वाफ येत होती, ती थांबत चालली. मी तिचे हात माझ्या पोटाशी घेतले. मला रडू आलं आणि ते गालावरच गोठलं. एवढं मोठं गोदाम, एवढी माणसं बाहेर उन्हात घाम पुसताहेत, आणि इथे एक बाई एका मोडक्या दट्ट्यापायी मरतेय.

तेवढ्यात दार वाजायला लागलं.

आतून. माझ्या डोक्याच्या वर. एक फावडं, मग दुसरं, मग किती ते कळेना. दोन-दोन नव्हते ते, थांबतच नव्हते. वर, खाली, कडेला, अख्ख्या दारावर. पत्रा थरथरत होता आणि त्यावरचा बर्फ सोलून आमच्या अंगावर पडत होता. मी वर बघितलं नाही. देवाशप्पथ सांगते, नाही बघितलं. कृष्णाबाईवर ओणवी झाले आणि डोळे मिटून घेतले. माझ्या दोन्ही बाजूंना जागा नव्हती असं वाटत होतं, सणाच्या दिवशी गर्दीत खांद्याला खांदा लागतो तसं. कोणाच्याच अंगाला ऊब नव्हती.

दार सरकलं. ऊन, धूळ, गरम हवा, सगळं एकदम आत घुसलं आणि धुकं झालं. दोन हमालांनी कृष्णाबाईला उचललं. मी उंबऱ्यावरून रांगत बाहेर आले. सुमेध घामाघूम उभा होता.

"एवढं काय ठोकताय, दहा-बारा जणी असल्यासारख्या..." तो बोलता बोलता थांबला. तो माझ्या डोक्यावरून आत बघत होता.

मी वळून बघितलं. धुकं वरून फक्त कमरेपर्यंत उतरलं होतं. त्याच्या खाली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, गमबुटांची टोकं होती. आमच्यासारखेच काळे गमबूट, बर्फाने भरलेले, एकाला एक लागून, बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे. एक टोक उंबऱ्यावर यायला उचललं होतं.

सुमेधने दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं.

७

कृष्णाबाई वाचली. वसईला हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ती बोलायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं जाणार, डॉक्टरांनी सांगितलंय, डाव्याचं एक कदाचित वाचेल. माझ्या हातांना पट्ट्या आहेत. अश्लेषाला आता सगळं कळलंय. ती माझी वेणी घालते.

त्या दिवशी दुपारी सुमेध आला, शहाळं घेऊन आणि एक छापील कागद घेऊन. आम्ही दोघी स्वतःच्या मर्जीने ठरल्यापेक्षा जास्त वेळ आत थांबलो, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, घटनेच्या वेळी आत दोनच कर्मचारी होत्या.

"मर्जीने?" मी म्हटलं. "ताप असताना तिला आत कोणी पाठवलं? दट्ट्या कोणाच्या मर्जीने मोडका आहे?"

"ताई, हळू बोला. हॉस्पिटल आहे हे." तो माझ्या डोळ्यांत बघेना. त्याचंही तोंड उतरलं होतं, चार दिवस झोपला नसावा. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. "मला वरून सांगितलंय. फक्त सही करा. आत दोघीच होत्या ना तुम्ही? मग झालं."

कृष्णाबाईने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात कापसात गुंडाळून उशीवर ठेवलेले होते. ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"मना आठवतं गो," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "तू मना काखंत धरलीस. उलटी चालत व्हतीस. शिव्या देत व्हतीस."

"हो मावशी. बोलू नका तुम्ही."

"माजं पाय कोनी धरलं व्हतं?"

सुमेधच्या हातातला कागद वाजला.

"दोघी व्हत्या," ती म्हणाली. "एकेक पाय धरलेला. हात गार, पन पकड चांगली. मंग दाराशी आजून आल्या. मी बगत व्हती, मना हलता येत नव्हतं." ती दमली, थांबली. मी तिच्या ओठांना पाणी लावलं. दोनच ठोके, जेव्हा विचारलं तेव्हा दोनच ठोके. मी त्यांना खोटारड्या म्हणाले होते. त्या तिच्या नावाने बोलतच नव्हत्या. विचारणारं कोणी भेटलं होतं म्हणून स्वतःचं सांगत होत्या.

कृष्णाबाईने पाणी गिळलं.

"बऱ्या बाया," ती म्हणाली. "मंग त्या आल्या ना भायेर?"

सुमेधने शहाळं खाली ठेवलं. तो दाराकडे निघणार होता. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले, पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याची वाट अडवली आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नाही मावशी. या माणसाने त्यांच्या तोंडावर दार लावलं."